मॅक्वारी बेट : परकी प्रजातींचे निर्मूलन आणि शीत बेटांवरील परिसंस्थेची गुंतागुंत

प्रस्तावना

दक्षिण गोलार्धात साधारणतः ४० ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात, अंटार्क्टिकाभोवतीच्या खवळलेल्या महासागरात मोजकीच बेटे विखुरलेली आहेत. गॉफ, मॅरियन, क्रोझे, कर्गेलेन, हर्ड, मॅक्वारी, कॅम्पबेल, साउथ जॉर्जिया ही त्यांतील ठळक नावे. बारमाही थंडी, अखंड वारे आणि कोणत्याही खंडापासूनचे प्रचंड अंतर यांमुळे या बेटांवर मनुष्याची कायमची वस्ती जवळजवळ झालीच नाही. तरीही जगातील अत्यंत विस्कळीत झालेल्या परिसंस्थांमध्ये त्यांची गणना होते. मनुष्य टिकला नाही. त्याने जहाजातून आणलेले प्राणी मात्र टिकले. अशा प्राण्यांचे निर्मूलन हा आज या बेटांच्या संवर्धनातील सर्वांत मोठा, खर्चिक आणि काही वेळा वादग्रस्त भाग ठरला आहे. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील मॅक्वारी बेटाच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

बेटाचे स्वरूप

टास्मानियाच्या आग्नेयेस सुमारे १५०० कि.मी. अंतरावर असलेले हे बेट ३४ कि.मी. लांब, जास्तीत जास्त ५ कि.मी. रुंद आणि १२८ चौ.कि.मी. क्षेत्रफळाचे आहे. वार्षिक सरासरी तापमान पाच अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उन्हाळा व हिवाळा यांच्या तापमानातील फरक अल्प असून वर्षातील तीनशेहून अधिक दिवस काही ना काही पर्जन्य होतेच. सागरतळाखालील प्रावरणाचे खडक येथे समुद्रसपाटीवर उचलले जाऊन उघडे पडले आहेत. या भूशास्त्रीय वैशिष्ट्यामुळेच मुख्यतः १९९७ मध्ये बेटाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

बेटावर एकही वृक्ष नाही. उतारांवर पुरुषभर उंचीचे, झुपकेदार टसॉक गवत वाढते आणि त्याच्या मुळ्यांच्या जाळ्यामुळे पाण्याने फुगलेली पीट माती उतारावर धरून ठेवली जाते. मोठ्या पानांच्या काही औषधी वनस्पतीही येथे आहेत. त्यांतील ‘मॅक्वारी कोबी’ म्हणून ओळखली जाणारी वनस्पती स्कर्व्ही टाळण्यासाठी खलाशी खात असत. जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा या बेटाचा नाही, आणि पुढील सर्व विवेचनाची किल्ली याच गोष्टीत आहे. झाडे नसल्यामुळे पेट्रेलसारखे समुद्रपक्षी मातीत बिळे करून किंवा गवताच्या बुंध्याशी घरटी करतात. चार पायांच्या शत्रूपासून बचाव करण्याची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. हे पक्षी समुद्रात अन्न मिळवितात आणि विष्ठेवाटे त्यातील नत्र व स्फुरद जमिनीला देतात. म्हणजेच बेटावरील हिरवळ बऱ्याच अंशी समुद्रावर पोसलेली असते. पक्षी घटले की जमिनीचे खत घटते आणि गवत गेले की पक्ष्यांचा निवारा जातो.

शोषणाचा काळ

१८१० मध्ये सीलच्या शोधात निघालेल्या फ्रेडरिक हॅसलबरो याच्या जहाजाला हे बेट सापडले. न्यू साउथ वेल्सचे तत्कालीन गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी यांचे नाव त्यास देण्यात आले. (हे गव्हर्नर पूर्वी मुंबई इलाख्यात लष्करी सेवेत होते, मराठी वाचकाला या दूरस्थ बेटाशी जोडणारा बहुधा एवढाच धागा.) त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांतच फर सील जवळजवळ संपले. मग तेलासाठी एलिफंट सील आणि पुढे किंग व रॉयल पेंग्विन यांची पाळी आली. रॉयल पेंग्विनची वीण केवळ याच बेटावर व लगतच्या खडकांवर होते, हे लक्षात घेतल्यास पेंग्विन उकळून तेल काढण्याच्या धंद्याचे गांभीर्य कळते. डग्लस मॉसन आदींच्या विरोधामुळे हा धंदा १९२० च्या सुमारास थांबला आणि १९३३ मध्ये बेट अभयारण्य घोषित झाले. लुसिटानिया उपसागरातील किंग पेंग्विनची वसाहत १९३० च्या सुमारास साडेतीन हजारांच्या आसपास उरली होती. १९८० पर्यंत ती दोन लाखांवर गेली.

प्रत्यक्ष शिकारीची हानी अशी बऱ्याच अंशी भरून निघाली. आणलेल्या प्राण्यांनी केलेली हानी मात्र शिकार थांबल्यावरही चालूच राहिली. मांजरे आरंभीच्याच काळात आली, काळे उंदीर व घरउंदीर जहाजांतून उतरले, वेका हा न्यूझीलंडचा न उडणारा पक्षी १८७० च्या दशकात खाण्यासाठी आणून सोडला गेला आणि १८७९ च्या सुमारास त्याच हेतूने ससे सोडण्यात आले.

या शेवटच्या घटनेचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. बेटावर एक स्थानिक पोपट होता. मांजरांच्या सहवासातही तो सुमारे सत्तर वर्षे तग धरून होता; ससे आल्यानंतर मात्र दहा-पंधरा वर्षांतच तो नामशेष झाला. ससा तर पोपटाला खात नाही! न्यूझीलंडचे संशोधक टेलर यांनी १९७९ मध्ये याची जी उकल मांडली ती आज सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. हिवाळ्यात बहुतेक समुद्रपक्षी बेट सोडून जात आणि भक्ष्याअभावी मांजरांची संख्या मर्यादित राहत असे. सशांमुळे मांजरांना बारमाही अन्न मिळाले, त्यांची संख्या वाढली आणि वाढलेल्या मांजरांपुढे पोपटाचा निभाव लागला नाही.

मिक्सोमा, मांजरे आणि ससे

१९७० च्या दशकात सशांची संख्या लाखाच्या वर गेली होती. त्यांच्यावर मिक्सोमा विषाणूचा उपाय योजण्याचे ठरले; परंतु हा विषाणू चावणाऱ्या कीटकामार्फत पसरतो आणि बेटावर डास नाहीत. म्हणून १९६८ पासून सशांवरील पिसू मुद्दाम आणून सोडण्यात आली आणि ती सर्वत्र पसरल्यानंतर १९७८ मध्ये विषाणू आणला गेला. पुढील दहा वर्षांत सशांची संख्या वीस हजारांच्या खाली आली आणि खुरटलेले टसॉक पुन्हा वाढू लागले.

सशांची उणीव मांजरांनी समुद्रपक्ष्यांवर भरून काढली. मांजरे दरवर्षी सुमारे ६०,००० समुद्रपक्षी मारत असावीत, असा अंदाज होता. १९८५ पासून मांजरांची शिकार सुरू झाली, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती तीव्र करण्यात आली आणि जून २००० मध्ये शेवटचे मांजर मारले गेले. दरम्यान १९८८ पर्यंत वेकाचेही निर्मूलन झाले होते. करड्या पेट्रेलसारखे पक्षी पुन्हा वीण करू लागले, हा या मोहिमेचा निर्विवाद लाभ होय.

त्याच सुमारास ससेही वाढू लागले. २००६ पर्यंत त्यांची संख्या पुन्हा लाखापलीकडे पोहोचली. उतारांवरील टसॉक बुंध्यापर्यंत कुरतडले गेले, मुळ्या मेल्या आणि पावसाने जड झालेली पीट माती सुटू लागली. सप्टेंबर २००६ मध्ये लुसिटानिया उपसागरावर दरड कोसळून अनेक पेंग्विन गाडले गेले. तेलाच्या कढयांतून वाचून पन्नास वर्षांत सावरलेली वसाहत ती हीच.

या घटनाक्रमाचा अर्थ लावताना शास्त्रज्ञांत मतभेद झाले. डॅना बर्गस्ट्रॉम व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी’मध्ये असे प्रतिपादन केले, की मांजरांचे निर्मूलन हेच सशांच्या वाढीचे प्रमुख कारण असून त्यामुळे बेटाच्या मोठ्या भागातील वनस्पतिजीवन बदलले. याला डाउडिंग व अन्य अभ्यासकांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला. मिक्सोमा विषाणूचे उत्पादन थांबल्याने त्याचा वापर खंडित झाला, सशांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण झाली आणि हवामानही अनुकूल झाले. या गोष्टींकडे दुर्लक्ष करून सारा दोष मांजरांच्या निर्मूलनावर टाकणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उपलब्ध पुरावा पाहता आक्षेपकांच्या बाजूला बरेच वजन आहे. विषाणूचा जोर ओसरत असताना मांजरे तरी वाढत्या सशांना किती काळ रोखू शकली असती, हा प्रश्न उरतोच. तथापि एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांत फारसे अंतर नव्हते. ससे, उंदीर व मांजरे हे तीन स्वतंत्र प्रश्न नसून एकाच गाठीचे तीन पदर होते आणि ते एकेक करून सोडविले गेले होते.

एकत्रित मोहीम

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार व टास्मानिया राज्य सरकार यांनी मिळून २ कोटी ४६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर केले. ससे, काळे उंदीर आणि घरउंदीर या तिन्हींचे एकाच मोहिमेत निर्मूलन करावयाचे होते. हेलिकॉप्टरमधून ब्रोडिफॅकूम हे रक्त गोठू न देणारे विष मिसळलेले आमिष संपूर्ण बेटावर टाकण्याची योजना होती. २०१० च्या हिवाळ्यात काम सुरू झाले. पण खराब हवामानामुळे अल्प भाग पूर्ण होताच ते सोडून द्यावे लागले. या अपूर्ण प्रयत्नातूनच एक गंभीर गोष्ट उघड झाली. विष खाऊन मेलेल्या सशांवर ताव मारणारे जायंट पेट्रेल, स्कुआ आणि केल्प गल हे पक्षीही मरत होते.

म्हणून फेब्रुवारी २०११ मध्ये, आमिष टाकण्यापूर्वीच, सशांमध्ये रक्तस्रावी रोगाचा विषाणू सोडण्यात आला. बहुतेक ससे विष न खाताच मेले आणि विषारी मांसाचे प्रमाण घटले. २०११ च्या हिवाळ्यात आमिषाची फेरी पूर्ण झाली. त्यानंतर प्रशिक्षित कुत्री घेतलेल्या पथकांनी बेट पायी पिंजून काढले. उरलेले तेरा ससे त्यांनी शोधले. त्यांतील अखेरचे नोव्हेंबर २०११ मध्ये सापडले. एकही नवा माग न मिळता दोन वर्षांहून अधिक काळ शोध चालू ठेवून एप्रिल २०१४ मध्ये मोहीम यशस्वी झाल्याचे घोषित झाले. दोन्ही हंगामांत मिळून २,४०० हून अधिक पक्षी दगावले होते. ही किंमत थोडी नव्हे. दीर्घकालीन लाभाच्या तुलनेत ती मोजणे समर्थनीय ठरले, तरी पहिल्या हंगामातील मृत्यूंची दखल घेऊन पद्धत बदलली गेली ही बाब अधिक महत्त्वाची वाटते.

टसॉक व मॅक्वारी कोबी आता उतारांवर पुन्हा पसरली आहेत. स्कुआंना मात्र सशांचे सवयीचे अन्न नाहीसे झाल्यामुळे नवी घडी बसवावी लागली आणि त्यांची वीण घटली. पठारावरील अॅझोरेला या उशीसारख्या वनस्पतीचा २००८ पासून दिसू लागलेला ऱ्हास सशांशी संबंधित नाही. हवामानातील बदलाने आलेला कोरडेपणा व त्यातून बळावलेला रोग ही त्याची कारणे मानली जातात. तेथे आमिष आणि कुत्री यांचा उपयोग नाही.

अन्य बेटांचे अनुभव

साउथ जॉर्जिया बेटावर २०११ ते २०१५ या काळात टप्प्याटप्प्याने आमिष टाकून २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त घोषित करण्यात आले. इतके मोठे बेट टप्प्यांत हाताळता आले, याचे श्रेय तेथील हिमनद्यांना जाते. समुद्रापर्यंत उतरणाऱ्या हिमनद्या उंदरांना ओलांडता येत नसल्यामुळे बेटाचे आपोआप विभाग पडले होते. परंतु या हिमनद्या वेगाने मागे हटत आहेत. आणखी काही दशके वाट पाहिली असती तर हे कुंपणच उरले नसते.

गॉफ बेटावर घरउंदीर अल्बट्रॉसची पिल्ले जिवंत कुरतडतात. तेथे २०२१ मध्ये मोहीम झाली. परंतु त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उंदीर पुन्हा दिसला. घरउंदराचा वावर अत्यंत लहान क्षेत्रात असल्याने आमिष न पडलेला एखादा कोपराही अपयशास पुरेसा होतो.

दक्षिण आफ्रिकेच्या मॅरियन बेटाची कथा मॅक्वारीला समांतर, पण उलट क्रमाची आहे. उंदरांच्या बंदोबस्तासाठी १९४९ मध्ये आणलेली हातावर मोजण्याइतकी मांजरे १९७७ पर्यंत सुमारे ३,४०० झाली. विषाणू, बंदुका व सापळे वापरून १९९१ पर्यंत त्यांचे निर्मूलन झाले. उंदीर तसेच राहिले. वाढत्या तापमानाने त्यांचा विणीचा हंगाम लांबला आणि कीटकांचा साठा संपत आल्यावर ते पक्ष्यांकडे वळले. २००३ मध्ये अल्बट्रॉसच्या पिल्लांवरील आणि २०२३ मध्ये पूर्ण वाढ झालेल्या अल्बट्रॉसवरील हल्ल्यांची नोंद झाली. मॅक्वारीच्या दुपटीहून मोठ्या असलेल्या या बेटावर एकाच हिवाळ्यात, एकही चौकट न सोडता आमिष टाकण्याची तयारी दक्षिण आफ्रिकेने चालविली आहे. २०२४ मध्ये तेथे पोहोचलेल्या बर्ड फ्लूमुळे आधीच घटलेल्या पक्ष्यांवर आणखी ताण पडला असून, विषाने दगावू शकणाऱ्या पक्ष्यांचा हिशेब मांडताना आता या रोगाने झालेली हानीही धरावी लागणार आहे.