परसबागेसाठी मोबाईलचे ॲप : निवडताना काय पाहावे?

"ताई, घरामागं भाजी लावायची आहे. मोबाईलवर कोणतं ॲप घेऊ?" महिला मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न आता वारंवार येतो. पोरीबाळींच्या हाती मोबाईल आहे, त्याचा उपयोग आरोग्यासाठी होत असेल तर चांगलेच आहे. पण ॲप निवडण्याआधी परसबाग कशासाठी लावायची, हे पक्के करू या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. आपला वाशीम जिल्हा केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्या यादीत मोजल्या जाणाऱ्या गोष्टींत आरोग्य आणि पोषण आहे. मजुरीचा दिवस बुडाला की सर्वांत आधी कात्री लागते ती भाजीला, आणि उरलेली वाटी घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी येते. म्हणून आपली परसबाग शोभेची नाही, ती रक्तासाठी आहे.

आधी हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज जवळपास दोन किलो. दहा बाय दहा फुटांच्या जागेत एवढी भाजी निघणार नाही. तेव्हा ती जागा कशाला द्यायची? जी भाजी लवकर येते, पुन्हा पुन्हा खुडता येते आणि बाजारातून आणायची राहून जाते, तिला. म्हणजे पालेभाज्यांना. जे ॲप एवढ्याशा जागेत वीस भाज्यांचे रंगीत चित्र काढून देते, त्याने हा हिशेब केलेला नसतो.

ॲप तपासण्याचे पाच प्रश्न

१. ते आपले हवामान ओळखते का? ग्रोव्हेज, प्लांटर यांसारखी परसबागेचा आराखडा काढणारी परदेशी साधने दिसायला छान आहेत. पण त्यांचे वेळापत्रक थंड देशातले शेवटचे हिम कधी पडते, यावर बेतलेले असते. आपले वेळापत्रक ठरते ते मृगाच्या पावसावर आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या पाण्यावर. सोपी परीक्षा घ्या. ॲपला विचारा, "वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात काय लावू?" वाटाणा आणि फुलकोबी असे उत्तर आले तर ते ॲप सोडून द्या.

२. ते पाणी आणि ऊन विचारते का? भेंडी, वांगी, टोमॅटो यांना रोज सहा तास ऊन लागते. पालेभाजीचे तीन-चार तासांतही भागते. पाणी एक दिवसाआड की आठवड्याने येते, हे न विचारता दिलेला आराखडा कामाचा नाही.

३. ते मराठीत आहे का? आंबाडी, चुका, तांदुळजा, घोळ, हातगा ही नावे त्याला माहीत नसतील, तर आपल्या ताटातली निम्मी भाजी त्याच्या यादीत येणारच नाही.

४. पैसे कधी मागणार? ग्रोव्हेज सात दिवस फुकट चालते, नंतर वार्षिक वर्गणी लागते. फुकट म्हणून सुरू करताना बँक खाते किंवा यूपीआय जोडायला सांगितले तर तिथेच थांबा. भाजीच्या ॲपला तुमच्या मोबाईलमधले फोन नंबर पाहण्याचेही काही कारण नाही.

५. ते औषध विकायला बघते का? प्लँटिक्स मराठीत चालते. पानाचा फोटो काढला की रोगाचा अंदाज सांगते, आणि जैविक उपायांबरोबर रासायनिक उपायही सुचवते. रोग ओळखायला ते जरूर वापरा. पण आज खुडून आज शिजवायच्या भाजीवर शेतातली फवारणी नको. निंबोळी पावडर ५० ग्रॅम, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि फवारा. मावा, तुडतुडे यांना एवढे बहुतेक वेळा पुरते.

मग वापरावे काय?

हवामानासाठी 'मेघदूत' हे सरकारी ॲप घ्या. ते मोफत आहे, मराठीत आहे. जिल्हा वाशीम निवडला की पुढच्या पाच दिवसांचा अंदाज दिसतो, आणि मंगळवारी व शुक्रवारी शेतीसल्ला येतो. राज्याच्या कृषी विभागाच्या 'महाविस्तार' ॲपवर मराठीत प्रश्न विचारता येतात. मात्र दोन्हींचा बराचसा सल्ला शेतासाठी असतो, तो दहा फुटांच्या वाफ्याला जसाच्या तसा लावू नका. स्मार्टफोन नसेल तरी अडत नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे. सकाळी ६ ते रात्री १० मराठीत बोलता येते, आणि सात-बारा नसलेल्या माणसानेही विचारावे. रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. 'उमेद'च्या बचत गटांतूनही पोषण परसबागेची माहिती मिळते.

आराखडा मात्र कागदावरच काढा. गोल जागेचे सात वाफे करा, म्हणजे आठवड्याच्या सात दिवसांची सोय होते. जून-जुलैत आंबाडी, चवळी, तांदुळजा, भेंडी, गवार लावा, कुंपणावर दोडके आणि कारले चढवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेथी, पालक, सांबार, मुळा. मेथी-पालक एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा. कडेला एक शेवगा लावाच. उन्हाळ्यात बाकी सगळे वाळले तरी त्याचा पाला मिळतो. बियाणे गावरान किंवा सरळ वाणाचे घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी घरचे बी धरता येईल.

हे ॲप सांगणार नाही

अंगण नसेल तर डब्यात, पोत्यात पालेभाजी येते. पण फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात भाजी लावू नका. संडासाचे किंवा नालीचे पाणी पालेभाजीला कधीही घालू नका. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी चालते, कपड्यांच्या पावडरचे नको. डब्याखाली साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून भांडे कोरडे करा, नाहीतर भाजीबरोबर डेंग्यूचा डासही घरात वाढेल.

पालेभाजी जेवताना वर लिंबू पिळा, त्यामुळे लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. आणि हे नीट लक्षात ठेवा, परसबाग गोळीच्या जागी नाही. गरोदर बाईला लोहाच्या १८० गोळ्या घ्यायच्याच आहेत. किशोरवयीन मुलींना आठवड्याची गोळी शाळेत किंवा अंगणवाडीत मिळते, ती चुकवू देऊ नका.

या पावसाळ्यात वस्तीत चार-पाच घरांनी मिळून सुरुवात करा. एका मोबाईलवर ॲप घ्या आणि कागदावरचा आराखडा विहाराच्या भिंतीवर लावा. बियाणे आपसांत वाटून घ्या. पेरणीच्या आठवड्यात घरातल्या बायांचे हिमोग्लोबिन उपकेंद्रात तपासून आकडा लिहून ठेवा. १२ च्या खाली, आणि गरोदर असताना ११ च्या खाली, म्हणजे रक्त कमी. तसे असेल तर उपचार त्याच दिवसापासून सुरू करा. हिवाळ्याची भाजी संपली की पुन्हा तपासा. भाजी शिजली की पहिली वाटी लेकराला आणि त्याच्या आईला द्या. तो आकडा वर यायला गोळीबरोबर त्या वाटीचीही मदत होईल.