केबलची तार तोडण्याआधी

बीजप्रक्रिया नि ठिबकच्या गोष्टी सांगणारा माणूस आज टेलिव्हिजनवर लिहायला बसला, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण शेतीचा हिशेब बांधावर संपत नाही, तो उंबरा ओलांडून घरात येतो. घरात महिन्याच्या महिन्याला जे पैसे जातात, त्यांत केबलचे बिल हे एक असे आहे की ते किती नि कशापायी, हे फार थोड्या घरांना सांगता येते.

२०२३ साली पावसाने दगा दिला. ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका त्यात होता. त्या हिवाळ्यात त्या भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. दोन एकर कोरडवाहू, दावणीला एक म्हैस, घरात नवराबायको, नववीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. गडी वही पुढ्यात घेऊन खर्चावर काट मारत बसला होता. पहिली काट केबलवर.

"साडेतीनशे रुपये महिना, सायेब. वर्साचं किती झालं?"

मी म्हटले, "बेचाळीसशे. डीएपीची गोणी साडेतेराशेला धर. तीन गोण्या येतील आणि वर दीडशे रुपये उरतील."

तो खूश झाला. मीही खूश झालो. हिशेब चोख होता. कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या आईने मान वर न करता म्हटले, "करा की बंद. माजं काय हाय त्यात?"

महिन्याभराने पुन्हा त्या घरी गेलो, तर म्हातारीच्या घोट्याला फडके बांधलेले. रोज रात्री आठ वाजता ती शेजाऱ्याकडे मालिका बघायला जात होती. येताना अंधारात पायरी चुकली. दवाखाना, क्ष-किरण, औषधे मिळून वर्षभराच्या केबलएवढे पैसे एका आठवड्यात गेले. पण मला खर्चापेक्षा तिचे एक वाक्य जास्त लागले. "सायेब, दिसभर समदी रानात. घरात माणसाचा आवाज न्हाई. त्यो डबा बोलतुया म्हून बरं वाटायचं."

आम्ही दोघा शहाण्यांनी हिशेब केला, पण जे माणूस टीव्ही बघत होते त्यालाच विचारले नाही. आजचा लेख त्या चुकीतून सुचला आहे.

आठवण जुन्या दिवसांची

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम तिथलाच. आमच्या लहानपणी गावात एखाद-दुसराच संच असे. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या सोप्यात सगळी आळी बसू लागली. पत्र्यावरचा अ‍ॅन्टेना फिरवायला एक पोरगे चढलेले असे आणि खालून दहा जण ओरडत असत, "आलं, आलं! आता गेलं!" त्या बघण्याला महिन्याचे बिल नव्हते.

नव्वदीनंतर केबल आली. रानातल्या वीजखांबांवरून, चिंचेच्या फांदीवरून काळी तार गावोगाव पोचली. पुढे सरकारने केबल डिजिटल केली आणि ग्रामीण भागाला ३१ मार्च २०१७ ही मुदत दिली. तेव्हापासून प्रत्येक संचापाशी बॉक्स बसला. २०१७ ते २०१९ या काळात 'लागिरं झालं जी' ही मालिका चालली, तिचे चित्रण आपल्या साताऱ्याच्या भागात झाले होते. आपलीच माती, आपलीच बोली, पण ती बघायला आपणच पैसे मोजायचे, अशी गंमत!

बिल वाचायला शिका

सातबारा वाचता येतो, मग केबलचे बिलही वाचता आले पाहिजे. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे 'ट्राय'ची नवी पद्धत लागू झाली. तेव्हापासून बिलाचे दोन भाग असतात. पहिला भाग तार किंवा छत्री घरापर्यंत आणल्याचा, दुसरा भाग तुम्ही निवडलेल्या पैशाच्या वाहिन्यांचा. दोन्हींवर १८ टक्के कर. पहिल्या भागाला तेव्हा १३० रुपयांची मर्यादा होती, करासह सुमारे १५३ रुपये. २०२४ साली ही मर्यादा काढली गेली, म्हणून आता आपल्या केबलवाल्याचा आकडा काय आहे ते त्यालाच विचारून घ्यावे.

बिल फुगते ते दुसऱ्या भागात. वाहिन्यांचा गठ्ठा, म्हणजे 'पॅक', घेतला जातो. त्यात परक्या भाषांच्या नि घरात कोणी न बघणाऱ्या वाहिन्या येतात. एकेक वाहिनी सुटी निवडण्याचा तुम्हाला हक्क आहे. घरात चारच वाहिन्या बघत असाल, तर चौघींचीच किंमत द्या. त्यासाठी एक सोपी युक्ती सांगतो. आठ दिवस टीव्हीशेजारी कागद लावा आणि जो जे बघेल त्याने वाहिनीचे नाव लिहावे. आठवड्याने यादी बघा. बहुतेक घरांत ती एका हाताच्या बोटांवर मावते. ती यादी घेऊन केबलवाल्याकडे जा, गोडीने बोला, पावती मागा. तोही आपल्याच गावचा असतो, पोटासाठी धंदा करतो. तार न तोडताही बिल उतरू शकते.

बिनभाड्याची छत्री

दुसरा मार्ग म्हणजे दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश'. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ही सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. आज देशातली चार कोटींहून अधिक घरे तिच्यावर असावीत, असा अंदाज आहे. एकदा छत्री, बॉक्स आणि वायर घेतली की महिन्याचे भाडे नाही. खर्च बाजारात साधारण दीड-दोन हजारांच्या आत बसतो. सह्याद्री वाहिनी मिळते, २६ मे २०१५ ला सुरू झालेली डीडी किसान मिळते, बातम्या, जुने सिनेमे नि आकाशवाणीची केंद्रेही त्याच बॉक्सवर ऐकू येतात.

पण विस्तार अधिकाऱ्याने वाणाचे गुण सांगताना रोगही सांगावा, म्हणून उणिवाही ऐका. मोठ्या कंपन्यांच्या गाजलेल्या मराठी वाहिन्या फ्री डिशवर मिळतीलच असे नाही. खाजगी वाहिन्यांना इथली जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे वाहिन्या येतात नि जातात. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी वाहिन्या काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. तेव्हा छत्री घेण्याआधी शेजारच्या गावात जिच्याकडे ती आहे, तिच्याकडे तासभर बसून बघून यावे.

बसवताना चार गोष्टी ध्यानात ठेवा.

१. हा उपग्रह आपल्या सातारा-सांगलीतून आग्नेय दिशेला, आकाशात बराच उंच दिसतो. त्या बाजूला आंबा, नारळ किंवा शेजाऱ्याची माडी आड येता कामा नये. आज झाड लहान असेल, पण दोन पावसाळ्यांनी वाढेल, तोही विचार करा.

२. छत्रीचा पाय पक्का बसवा. आपल्याकडचा वळवाचा वारा ठाऊकच आहे. छत्री थोडीशी सरकली तरी चित्र जाते.

३. जोराच्या पावसात चित्र तुटते. तो बिघाड नव्हे, पाऊस उघडला की आपोआप येते. विजा कडकडू लागल्या की मात्र संच बंद करून पिन काढून ठेवा.

४. बॉक्स घेताना 'एमपेग-४' मागा. जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत.

आणि एक इशारा. फ्री डिशचे रिचार्ज संपले, इतके पैसे पाठवा, असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ज्याला भाडेच नाही, त्याचे रिचार्ज कसले?

माळ्यावरचा जुना काट्यांचा अ‍ॅन्टेना काढून लावायचा विचार काहींच्या मनात येईल. तो मोह टाळा. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली.

मोबाईलचा मार्ग आणि माझी फजिती

तिसरा मार्ग मोबाईलचा. घरात इंटरनेटचे रिचार्ज आधीच केलेले असते, त्यातच बघता येईल ते बघावे. सह्याद्रीचे जुने कार्यक्रम यूट्यूबवर आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने 'वेव्हज' नावाचे अ‍ॅप काढले, त्यावर दूरदर्शनचे कार्यक्रम आहेत. साध्या प्रतीच्या चित्राला तासाला सुमारे अर्धा जीबी लागतो आणि चित्र जितके लख्ख तितका आकडा वाढतो. दिवसाला दीड जीबी मिळत असेल, तर दोन-तीन तासांत संपतो.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या मी माझ्या घरची केबल तोडली. पुढे मुलाने क्रिकेटसाठी एक अ‍ॅप घेतले, सुनेने मालिकांसाठी दुसरे, मी बातम्यांसाठी रिचार्ज वाढवले. सहा महिन्यांनी बेरीज केली, तर केबलपेक्षा दीडपट पैसे जात होते! शिवाय पूर्वी चौघे एका टीव्हीपुढे भांडत का होईना एकत्र बसत होतो, आता चौघे चार कोपऱ्यांत. तेव्हा अ‍ॅप घ्यायचे तर घरात एकच घ्या, ज्या महिन्यात हवे त्याच महिन्यापुरते घ्या, आणि पैसे आपोआप कापले जाण्याची सोय बंद ठेवा. फुकट सिनेमा दाखवतो म्हणून अनोळखी माणसाने पाठवलेला दुवा उघडू नका. त्याच मोबाईलवर आपल्या बँकेचे खाते असते.

दीड तासाचे गाव

सगळ्यांत स्वस्त उपाय कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखवला. गाव तीनेक हजार वस्तीचे. करोनाच्या काळात पोरांची अभ्यासाची सवय मोडली होती. म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने ठरवले की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही नि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. या कामाला छत्री लागली नाही की रिचार्ज. एकट्या घराला जे जमत नाही, ते गावाने एकदम ठरवले की जमते. पोराला अभ्यासाला बसवून आपण मालिका बघितली, तर त्याचे कान मालिकेतच असतात.

त्या घरी काय झाले?

खानापूरच्या त्या घरी मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवले. या वेळी आधी म्हातारीला विचारले, "आक्का, तुम्हाला नेमकं काय बघायचं असतं?" सून म्हणाली की आत्तींची मालिका फ्री डिशवर येत नाही, तेव्हा निवडक वाहिन्यांची केबल परत जोडू. म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मालिका काय, त्या बाईचं लगीन तीन वर्सं झाली हुतंयच! मला सकाळचं भजन, कीर्तन नि बातम्या पायजेत. आणि रातच्याला तुमी समदी हितं बसा."

दीड हजारात छत्री बसली. तिच्या खाटेवरून दिसेल अशा जागी संच हलवला. रात्री जेवणे झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी तिच्यापाशी बसायचे, असे नातीने ठरवले आणि ते पाळलेही. पहिल्या वर्षी छत्रीचे पैसे वजा जाऊन सत्तावीसशे वाचले. त्यांतून बरोबर दोन गोण्या डीएपी आल्या. पुढच्या वर्षापासून तिन्ही येतील.

म्हणून सांगणे एवढेच की काटकसर जरूर करा. पण काट मारण्याआधी घरातल्या त्या माणसाला विचारा, जे दिवसभर एकटे असते आणि "माजं काय हाय त्यात" म्हणून गप्प बसते. बहुधा त्याचेच काहीतरी त्यात असते.