मका एका ओळीत नको, चौकोनात लावा



राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरवाड्यांत श्रावण-भाद्रपद हे ओढाताणीचे महिने. भात शेतात उभे असते, कापणी दसरा-दिवाळीच्या सुमारास. घरातील धान्य मात्र सरत आलेले. जूनच्या आरंभी परसात टोकलेला मका नेमका याच दिवसांत कणसे देतो. पण कित्येक घरी कणीस सोलले की निम्मे दाणे भरलेलेच नसतात. दोष बियाण्याला दिला जातो. कारण बहुधा लागवडीत असते.

मक्याचा तुरा हे नर फूल, तर कणसाच्या मिशा हे मादी फुलाचे धागे. एक धागा, एक दाणा. तुऱ्यातील पराग त्या धाग्यावर पडला तरच दाणा भरतो, आणि पराग वाहून नेतो वारा. कुंपणालगत एकच लांब ओळ लावली तर बराचसा पराग बाहेर उडून जातो. म्हणून दहा फूट लांब-रुंद जागेत दोन-दोन फुटांवर पाच ओळी घ्याव्यात आणि नऊ-नऊ इंचांवर एकेक ताट ठेवावे. साठेक ताटे सहज बसतात. तुरे आल्यावर पावसाची झड असेल, तर उघडीप मिळताच सकाळी तुरे हलवून पराग मिशांवर झाडावा.

आपल्याकडे पाऊस फार, म्हणून वरंब्यावर टोकण करावी; पाणी साचले की कोवळी रोपे पिवळी पडतात. शेणखत भरपूर द्यावे. ताटे गुडघ्याएवढी झाली की बुंध्याला मातीची भर लावावी, म्हणजे ती वाऱ्याने लोळत नाहीत.

२०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की ती आहे असे समजावे. परसातील मोजकी ताटे रोज पाहून अंडीपुंज व अळ्या हाताने वेचता येतात.

मिशा बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी दाणा नखाने टोचावा. दुधासारखा रस आला की कणीस काढावे. नुसत्या मक्यावर पोषण होत नाही, म्हणून शेजारी चवळी-घेवडा हवाच.

बियाण्यासाठी मदत करणाऱ्यांना एक विनंती. संकरित मक्याचे घरचे बी पुढच्या वर्षी तसेच उतरत नाही. गावरान मक्याचे राखता येते. तेव्हा पुडी गावरान बियाण्याची असावी आणि ती मे महिन्यातच वाडीवर पोहोचावी. जुलैत पेरलेल्या मक्याची कणसे येईपर्यंत अडचणीचे दिवस बरेचसे सरलेले असतात.