शेपूचे दोन वाफे

शेपूची भाजी आपल्याकडे सर्वपरिचित आहे. काही घरी गौरीच्या आवाहनाच्या दिवशी शेपू-भाकरीचा नैवेद्य असतो. आणि बाळंतिणीस देण्यात येणारा बाळंतशेपा हे ह्याच झाडाचे बी होय. असे असूनही पुष्कळ बागायतदार सगळा वाफा भाजीसाठी कापून टाकतात व पुढील पेरणीस बी विकत आणतात. ते जुने निघाले तर उगवण विरळ होते, आणि ऐन सणास भाजी हाती लागत नाही. शिवाय पेरणीच्या विकत बियांस पुष्कळदा औषध चोळलेले असते, सबब ते बाळंतिणीस देता येत नाही. ह्या दोन्ही अडचणींवर उपाय एकच : पाल्याचा वाफा व बियांचा वाफा निराळा ठेवावा.

पाल्याचा वाफा.— पेरणीपासून सुमारे ४० दिवसांत भाजी निघते. म्हणून गौरीसाठी आषाढ वद्यात पेरणी करावी. साचलेल्या पाण्याने रोपे कुजतात, याकरिता पावसाळ्यात वाफा उंच व निचऱ्याचा असावा. अर्ध्या फुटावर ओळी धरून बी अर्धा इंच खोल टाकावे. मूळ सोटासारखे खोल जात असल्यामुळे रोप उपटून लावणे मानवत नाही. उन्हाळ्यात झाड लवकर फुलावर येते व पाला थोडा मिळतो.

बियांचा वाफा.— हा आश्विन-कार्तिकात पेरावा, म्हणजे दाणा कोरड्या हवेत पिकतो. ओळींत एक फूट व रोपांत वीतभर अंतर ठेवावे. ह्यातील पाला खुडू नये, कारण दाण्याचे पोषण त्यावरच होते. फुलोऱ्यावर विषारी औषध मारू नये. मधमाश्या मेल्यास दाणा कमी धरतो. सर्व छत्र्या एकदम पिकत नाहीत. ज्या तपकिरी होऊ लागतील त्या पहाटे, दव असतानाच कापाव्या. उन्हात कापल्यास दाणा झडतो. त्या फडक्यावर सावलीत वाळवून झोडाव्या व बी पाखडून कोरड्या बरणीत ठेवावे.

पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या फडक्यात बांधून १२ दिवसांनी मोड मोजावे. निम्मेच उगवले तर पेरताना बी दुप्पट घ्यावे. ज्याच्या घरी स्वतःचे बी आहे, त्याची भाजी सणास चुकत नाही आणि बाळंतिणीच्या शेप्यासाठीही त्यास बाजारात जावे लागत नाही.