पदकाच्या कडेवरचे नाव

भंडारा जिल्ह्यात, नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर साकोली हे तालुक्याचे गाव आहे. समजा, या तालुक्यातील एका घरात जुनी पेटी आवरताना एक काळवंडलेले पदक सापडले. आजी म्हणाल्या, "माझे आजेसासरे पहिल्या लढाईवर गेले होते. ते परत आलेच नाहीत." ते कोठे गेले, केव्हा वारले, कोणालाच माहीत नाही. घरात त्यांचा फोटो नाही, पत्र नाही. मग शोध कोठून सुरू करायचा?

सुरुवात पदकापासूनच करावी. मात्र ते घासून चकचकीत करू नये. पहिल्या महायुद्धाच्या (१९१४-१८) पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. घासल्याने ती अक्षरे झिजतात. 'ब्रिटिश वॉर मेडल' हे पदक लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे. मजूर पलटणींतील अनेक भारतीयांना तेच पदक ब्राँझचे मिळाले. म्हणजे पदकाच्या धातूवरूनही माणसाचे काम थोडेफार कळते.

पलटणीचा आकडा मिळाला, तरी त्या आकड्याची पलटण आज असेलच असे नाही. १९२२ साली सैन्याची नवी रचना झाली आणि जुने क्रमांक बदलले. उदाहरणार्थ, १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री ही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली. १९१७ साली उभारलेली १११ वी महार पलटण तर १९२१ मध्ये मोडण्यात आली. आजची महार रेजिमेंट १९४१ साली नव्याने उभी राहिली.

फौजेत भरती होणाऱ्याचा एक कागद करतात. त्याला 'शीट रोल' म्हणतात. त्यात बापाचे नाव, गाव, तहसील, वय, उंची आणि अंगावरची खूण असते. हा कागद मिळाला तर अर्धे काम झाले! पण पेन्शन नसलेल्या सैनिकांचे असे कागद २५ वर्षांनंतर नष्ट करतात. त्यामुळे त्याच्या विधवेला पेन्शन मिळत असे, हे घरात कोणाला आठवत असेल, तर पेन्शनचा कागद आधी शोधावा.

आता गावाकडे वळू. पुष्कळांना वाटते, की जुन्या जनगणनेत पणजोबांचे नाव सापडेल. जनगणनेला उर्दूत मर्दुमशुमारी म्हणतात. जुन्या मराठीत खानेसुमारी असा शब्द होता. आपल्याकडे १८८१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होत आली. २०२१ ची मात्र ठरल्या वेळी झाली नाही. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनंतर घराघराची नोंद लोकांना पाहता येते. तेथील १९२१ ची नोंद २०२२ साली खुली झाली. आपल्याकडे तसे नाही. गणनेचे आकडे काढून झाले, की घरोघरचे कागद नष्ट करीत. छापील ग्रंथांत माणसांची संख्या मिळते, नाव मिळत नाही.

नाव मिळते ते कोतवालाच्या वहीत. कोतवाल म्हटले, की उर्दू वाचणाऱ्याला शहराचा बडा पोलीस अधिकारी आठवेल. इकडच्या खेड्यातला कोतवाल मात्र गावाचा साधा राखणदार होता. गावातील जन्म आणि मृत्यू तो नोंदवून घेई. या नोंदींना कोतवाल पंजी म्हणतात. त्या तहसील कार्यालयात मिळू शकतात. पुष्कळदा नोंदीत बाळाचे नाव नसते. बापाचे नाव आणि 'मुलगा झाला' एवढेच असते. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून आईच्या माहेरची पंजीही पाहावी. आपल्या शिपायाचा मृत्यू मात्र या वहीत शोधून उपयोग नाही, कारण तो गावात वारलाच नाही.

मुलगा शाळेत गेला असेल, तर शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहावे. जमीन असेल, तर बापाचे नाव जाऊन वारसाचे नाव कोणत्या वर्षी लागले ते पाहावे. या कागदांत माणसाची ओळख 'अमुक वल्द तमुक' अशी असते, आडनाव नसतेही. दाखल, खारीज, वारस, वल्द हे सारे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. इतर मुले येथे अडखळतील, तुम्ही अडखळणार नाही. अडचण येईल ती मोडी लिपीची. जुने मराठी कागद बऱ्याचदा मोडीत असतात. त्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कागदावर 'तहसील साकोली' लिहिले असले, तरी ते गाव आजच्या साकोली तालुक्यात असेलच असे नाही. जुनी तहसील फार मोठी होती. नवेगावबांध तिच्यातच होते. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले.

राहिला प्रश्न, खापरपणजोबा कोठे वारले? राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ती ठेवते. तिच्या संगणकावरील यादीत नाव आणि पलटण टाकून शोध घेता येतो. अनेक नोंदींत बापाचे नाव व गावही असते. इंग्रजी लिपीत एकच नाव चार प्रकारे लिहिले जाई, म्हणून चारही प्रकारे शोधावे. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. त्यांच्या कबरी सापडल्या नाहीत.

पण खापरपणजोबा इराकमध्ये, म्हणजे त्या वेळच्या मेसोपोटेमियात, गेले असतील तर? तेथे फार मोठ्या संख्येने भारतीय मेले. १९२९ साली बसरा येथे त्यांचे स्मारक उघडण्यात आले. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या भारतीय शिपायांची नावे कोरली नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या लिहिली. आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि माफी मागितली. अशा शिपायाच्या घरी आलेल्या पदकाच्या कडेवर मात्र नाव कोरलेले असते.