प्रतिकृती कोणत्या दिवसाची?

वाफेच्या रेल्वे इंजिनांचे युग बहुतेक देशांतून संपले. परंतु त्यांच्याविषयीचे आकर्षण संपलेले नाही. अनेक देशांतील हौशी माणसे या इंजिनांच्या लहान प्रतिकृती आवडीने जमवतात. बाजारात तयार मिळणारी प्रतिकृती मात्र प्रत्येकाचे समाधान करू शकत नाही. कारखाना एकाच साच्यातून असंख्य नग काढतो. खरे इंजिन मात्र आपल्या आयुष्यात अनेकदा बदललेले असते. म्हणून काही जण तयार प्रतिकृतीत स्वतःच्या हाताने फेरबदल करून ती मूळ इंजिनाशी जुळवतात. या कामाची खरी कसोटी कशात आहे, हे एका प्रसिद्ध इंजिनाच्या उदाहरणावरून समजून घेता येईल.

इंग्लंडमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे ते इंजिन. नायजेल ग्रेस्ली या अभियंत्याच्या आराखड्यानुसार ते १९२३ मध्ये डॉनकास्टर येथील कारखान्यात तयार झाले. १९२४ मध्ये त्याला हे नाव आणि ४४७२ हा क्रमांक मिळाला. १ मे १९२८ रोजी त्याने लंडन ते एडिंबरो हे ३९२ मैलांचे अंतर वाटेत कोठेही न थांबता पार केले. १९४७ मध्ये त्याला अधिक दाबाचा बॉयलर बसवण्यात आला. १९४८ मध्ये ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि इंजिनाचा क्रमांक ६०१०३ झाला. १९५९ मध्ये त्याला दुहेरी धुराडे मिळाले. या धुराड्यातून धूर मंद गतीने बाहेर पडे आणि खाली उतरून चालकाच्या दृष्टीआड येई. तो वर लोटला जावा म्हणून १९६१ मध्ये इंजिनाच्या पुढील भागाच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे बसवण्यात आले. १९६३ मध्ये हे इंजिन रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झाले.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘फ्लाइंग स्कॉट्समनची हुबेहूब प्रतिकृती’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. ती प्रतिकृती कोणत्या दिवसाची, हे आधी ठरवावे लागते.

समजा, एखाद्याजवळ १९६२ मधील रूपाची प्रतिकृती आहे आणि तिला १ मे १९२८ चे रूप द्यायचे आहे. प्रथम प्रमाण पाहावे लागते. ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेल्या एका प्रमाणात खऱ्या इंजिनाचा एक फूट प्रतिकृतीत चार मिलिमीटर होतो. मूळ इंजिनाच्या मोठ्या चाकांचा व्यास सहा फूट आठ इंच आहे. म्हणून प्रतिकृतीत तो सुमारे २६.७ मिलिमीटर भरला पाहिजे. प्रत्येक भाग अशा रीतीने मोजून पाहिला जातो.

त्यानंतर फेरबदल सुरू होतात. बाजूचे पत्रे काढून टाकले जातात आणि उरलेल्या छिद्रांत लांबी भरून तो भाग बारीक काचकागदाने घासून सपाट केला जातो. दुहेरी धुराड्याच्या जागी एकेरी धुराडे बसवले जाते. नव्या बॉयलरमुळे इंजिनाच्या पुढील भागावर आलेली लहान झाकणेही नाहीशी करावी लागतात.

सर्वांत मोठा बदल कोळसा आणि पाणी वाहून नेणाऱ्या मागील गाडीत, म्हणजे टेंडरमध्ये करावा लागतो. १९२८ च्या अखंड प्रवासासाठी खास टेंडर बनवले होते. त्याच्या एका बाजूने १८ इंच रुंद आणि पाच फूट उंच अशी चिंचोळी वाट होती. त्या वाटेने दुसरी जोडी डब्यांतून इंजिनात येई आणि दमलेले चालक व फायरमन विश्रांतीसाठी मागे जात. १९६२ मध्ये इंजिनाला वेगळे टेंडर होते. म्हणून प्रतिकृतीचे टेंडरच बदलणे भाग पडते. शेवटी फिकट हिरवा रंग देऊन अक्षरे उमटवली जातात. १९२८ मध्ये ४४७२ हा क्रमांक टेंडरवर होता. चालकाच्या खोलीवर तो नंतर आला.

हे सारे कशाच्या आधारे ठरवायचे? कोणालाही वाटेल, की जतन केलेले खरे इंजिन पाहावे. परंतु येथेच फसगत होते. २०१६ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर हे इंजिन पुन्हा धावले, तेव्हा त्यावर ६०१०३ हा क्रमांक, दुहेरी धुराडे आणि बाजूचे पत्रे होते. टेंडर मात्र चिंचोळ्या वाटेचे होते. पहिल्या गोष्टी १९६०च्या दशकाच्या आरंभीच्या, तर टेंडर १९२८ च्या धर्तीचे. रेल्वेच्या नित्य सेवेत असताना इंजिनाचे असे रूप कधीच नव्हते. म्हणून जाणकार त्या काळातील तारीखवार छायाचित्रे आणि कारखान्याचे आराखडे ताडून पाहतात. छायाचित्रावर तारीख नसली, तरी टेंडरवरील क्रमांक किंवा धुराड्याचा आकार पाहून काळ ओळखता येतो. कृष्णधवल छायाचित्रावरून रंगाची नेमकी छटा मात्र कळत नाही. त्यासाठी अन्य पुरावे शोधावे लागतात.

एवढे करूनही एक उणीव उरतेच. वरील प्रमाणानुसार रुळांमधील अंतर १८.८३ मिलिमीटर हवे; प्रचलित प्रतिकृतींत ते १६.५ मिलिमीटर असते. काही जण चाके व रूळ बदलून हीही उणीव दूर करतात. इतर जण ती जाणून स्वीकारतात. न जाणता झालेली चूक आणि जाणून केलेली तडजोड यांत मोठा फरक आहे.

इंजिनाचे नाव एकच राहिले, पण त्याचे रूप काळानुसार पालटत गेले. त्यांपैकी एका दिवसाचे रूप पुराव्यानिशी पुन्हा उभे करणे, हे केवळ हातांचे कौशल्य नाही. तळहाताहून थोड्या मोठ्या वस्तूच्या आधारे केलेला तो इतिहासाचा अभ्यास आहे.