रिकामं बसलेलं डोकंही कामातच असतं

हातात काम नसलं की मेंदू आराम करतो, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. मेंदूचं चित्रण करणारे संशोधकही बरीच वर्षं जवळपास त्याच हिशेबाने चालत. माणसाला यंत्रात उताणं झोपवायचं, पडद्यावरच्या अधिकच्या चिन्हाकडे नुसतं बघायला सांगायचं आणि मग शब्द वाचण्यासारखं एखादं काम द्यायचं. कामाच्या वेळच्या नोंदीतून ‘रिकाम्या’ वेळची नोंद वजा केली, की कामाला लागलेला भाग हाती येई.

कोड्यात टाकलं ते उलट्या वजाबाकीने. काही भाग काम सुरू होताच मंदावत होते आणि काम बदललं तरी ते भाग बहुतेक तेच. १९९७ साली गॉर्डन शुलमन आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांच्या नोंदी एकत्र करून हे मांडलं. २००१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रेकल यांच्या गटाने या स्थितीला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. कपाळामागचा मधला भाग, मागच्या बाजूला दोन्ही अर्धगोलांच्या मधोमध असलेला भाग आणि दोन्ही कानांच्या वर-मागे असलेले भाग मिळून हे जाळं होतं. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, ‘ती तसं का बोलली असेल’ असले विचार चालू असताना ते रंगात असतं.

मग लक्ष लागलं की हे जाळं बंद पडतं का? मुळीच नाही. त्याचा जोर थोडा उतरतो, इतकंच. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो, आणि ती आपण लोळत असतानाही. एखादं काम हाती घेतल्यावर त्यात पडणारी भर फार किरकोळ असते. १९५५ मध्येच लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी लोकांना मनातल्या मनात आकडेमोड करायला लावून संपूर्ण मेंदूचा ऑक्सिजनचा खप मोजला होता. तो वाढलाच नाही! गणितं सोडवून मेंदूची सगळी ऊर्जा संपते, या समजुतीला म्हणूनच आधार नाही.

आणखी एक समज मला जास्त खुपतो: हे जाळं म्हणजे एकाग्रतेचा शत्रू. त्यात तथ्याचा अंश आहे. लक्ष ढळून उत्तर द्यायला उशीर होतो त्या क्षणी हे जाळं पुरेसं मंदावलेलं नसतं, असं २००६ मधल्या एका अभ्यासात दिसलं. पण प्रयोगांतली बरीचशी कामं पडद्यावर नजर खिळवून करायची असतात. स्वतःच्या आयुष्यातला एखादा बेत नीट आखायला सांगितला, तेव्हा हेच जाळं लक्षावर ताबा ठेवणाऱ्या भागांच्या जोडीने काम करताना आढळलं. खिडकीबाहेर बघत बसलेल्या पोराचं डोकं बंद आहे, असं म्हणायला म्हणूनच काही आधार नाही. फळ्यावरचं गणित त्या वेळी त्याच्याकडून निसटत असेल, पण कदाचित सुट्टीत कुणाशी भांडण मिटवायचं, याची जुळवाजुळव त्याच वेळी चाललेली असेल.